पायरीपाशी थांबलेली घोडी

"हालू नगंस की पोरी! घोडी गप थांबलीय अन् तूच हालूलालीस."

शिवलिंगप्पांनी फेट्याचं टोक दातांत धरलं होतं, त्यामुळे त्यांचे निम्मे शब्द कापडातच अडकत होते. आडत दुकानाच्या मागच्या अंगणात विशाखा मान ताठ करून उभी होती आणि शिवलिंगप्पा तिसऱ्यांदा तिच्या डोक्याला फेटा गुंडाळत होते. पोरीच्या डोक्याला फेटा बांधायची सवय गावात कुणाला असणार? वेणी आत घेतली की फेटा वर उचलला जाई आणि बाहेर ठेवली की सुटून येई. शेवटी वेणी पाठीवर मोकळी सोडायची ठरली. अंगात सलवार-कमीज होता, तोही शिवलिंगप्पांनीच धाराशिवहून शिवून आणलेला. कपडा कुठला असावा यावर गावात आठ दिवस खल झाला होता. लुगडं नेसून घोडं पळवता येत नाही, हे पटवून द्यायला दोन दिवस गेले आणि विजार घातली तर पोरगी बाटते का, यात बाकीचे सहा गेले.

कोंडिबा लगाम धरून बाजूला उभा होता. घोडीकडे बघतोय असं तो दाखवत होता, पण त्याचं लक्ष शिवलिंगप्पांच्या हातांकडे होतं. याच अंगणाच्या दाराबाहेर त्याचा बाप रखमाजी दोन्ही हातांची ओंजळ करून उभा राहायचा आणि वरून पाणी ओतलं जायचं. आज त्याच घरचा धनी रखमाजीच्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून फेट्याची घडी चापून बसवत होता. कोंडिबाला भरून आलं. बायको गेल्यापासून त्याला असं भरून आलं नव्हतं.

कोंडिबा गावातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बेंबळीहून येत आणि उरलेले पाच दिवस कोंडिबाच डॉक्टर असे. बैलाचा खांदा सुजला, म्हशीची वार अडली, की लोक चावडीवर जायच्या आधी त्याच्याकडे यायचे. जनावराला हात लावताना त्याला कुणी जात विचारली नव्हती. माणसाच्या घरात शिरताना मात्र उंबरा आडवा यायचा. तरी तो तक्रार करणारा गडी नव्हता. पगार वेळेवर होता, घरात म्हातारी आई होती, आणि विशाखा होती.

आणि जोंधळी होती. म्हणजे घोडी शिवलिंगप्पांची, पण ती वाढली कोंडिबाच्या घरात. बहात्तरच्या दुष्काळात जनावरांच्या छावणीवर शिवलिंगप्पांची घोडी शिंगरू मागे ठेवून मेली. "जगलं तर जगलं," असं म्हणून धन्याने पाठ फिरवली. चाऱ्यावाचून बैल पटापट मरत होते, तिथं शिंगराला कोण विचारतो? विशाखा तेव्हा दहा वर्षांची होती. तिने फडक्याची वात करून शेळीचं दूध शिंगराच्या तोंडात पिळलं. रात्रंदिवस तिने तेच केलं, आणि शिंगरू जगलं. मोठं झाल्यावर त्याच्या अंगावर ज्वारीच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके उमटले, म्हणून नाव पडलं जोंधळी. जोंधळीची समजूत अशी झाली होती की आपली आई म्हणजे ही पोरगीच. दुसऱ्या कुणाला ती पाठीवर बसूच देईना.

गावात सिद्धेश्वराची जत्रा भरे आणि जत्रेत घोड्यांची शर्यत होई. पाच गावांची घोडी यायची आणि जिंकणाऱ्याला चांदीचं कडं मिळायचं. शिवलिंगप्पांना तीन पिढ्यांत एकदाही कडं मिळालेलं नव्हतं आणि घरात घोडी तर वाऱ्यासारखी. बसणाराच काय तो मिळत नव्हता. एका साली बेंबळीचा गडी आणला, त्याला जोंधळीने निवडुंगात फेकला. दुसऱ्या साली माकणीचा आणला, तो मैदानापर्यंतसुद्धा पोचला नाही. लोक पोट धरून हसले. आणि रोज सकाळी विशाखा त्याच घोडीवर खोगिराशिवाय बसून तळ्यावर जायची, येताना माळावरून चौखूर पळवत आणायची. सगळं गाव बघायचं आणि सगळं गाव न बघितल्यासारखं करायचं. घोडीला पाणी पाजणं वेगळं आणि घोडी पळवणं वेगळं, असा गावाचा न्याय होता.

तीन वर्षांपूर्वी विशाखानेच पहिल्यांदा विषय काढला होता. "आबा, जत्रंत म्या बसू का जोंधळीवर?" कोंडिबाने ते हसत हसत शिवलिंगप्पांच्या कानावर घातलं. शिवलिंगप्पा हसले नाहीत, भडकले. "पोरीच्या जातीनं दोन्हीकडं पाय टाकून पाच गावाम्होरं बसायचं? तिचं लगीन करायचं हाय का न्हाय तुला?" पुढच्या दोन्ही साली कोंडिबाने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला. आणि या साली त्यांनीच कोंडिबाला दुकानात बोलावून घेतलं. समोर शिळा पेपर पसरला होता.

"कोंडिबाराव, हे बघा," ते म्हणाले. एरवीचा कोंडिबा त्या दिवशी कोंडिबाराव झाला होता, तेव्हाच त्याने ओळखलं की आप्पांचं काही काम अडलंय. "मुंबईच्या रेसला बाई जॉकी झालीय. फोटू आलाय. लाख लाख रुपयाची घोडी तिच्या हवाली करतेत मोठमोठे शेट. आपण काय त्येंच्याहून शाणे हाव?"

"आप्पा, मागं तुमीच म्हणलाव..."

"मागचं ऱ्हाऊ दे. मागं ह्यो पेपर कुठं आलता?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगतो. चारा परवडंना झालाय. सोलापूरचा टांगेवाला मागाय आलाय तिला. औंदा पळली तर ठेवतो, न्हायतर दिली."

टांग्याला जुंपलेली जोंधळी कोंडिबाच्या डोळ्यांपुढे आली आणि त्याने मान हलवली. घरी येऊन त्याने विशाखाला सांगितलं. ती उठून घोडीकडे गेली आणि अर्धा तास तिला खरारा करत बसली.

मग पंचांच्या तीन बैठका झाल्या. धुरपदाबाई तर चावडीपुढे येऊन म्हणाली, "आज घोड्यावर बसवा, उंद्या देवळाच्या कळसावर चढवा." पण शेवटी तोड काढली ती देवळाच्या पंचाक्षरी स्वामींनी. स्वामी म्हणजे सत्तरीचे, गोड बोलणारे. ते म्हणाले, "नंदीवर महादेव एकला बसत न्हाय. पार्वतीमाय संगं असती. देवाला चालतंय, मग तुमचं काय अडतंय?" यावर कोण काय बोलणार? बैठक उठली आणि गाव रातोरात सुधारलं. मागच्या साली नाकं मुरडणाऱ्या बायाच आता पोरीबाळींना सांगू लागल्या, "इशाखा बसणार हाय औंदा, बघाय जायचं."

एक गोष्ट मात्र तिन्ही बैठकांत कुणी काढली नाही. शर्यतीला निघणारा प्रत्येक घोडेस्वार देवळाच्या पायरीपाशी उतरायचा, वाकायचा, स्वामींच्या हातून कपाळाला विभूती लावून घ्यायचा आणि मगच घोडं रेघेवर न्यायचा. विभूती न लावता कुणी पळाल्याचं गावात कुणाच्या आठवणीत नव्हतं.

कोंडिबाला हे ठाऊक होतं. छप्पन साली तो अठरा वर्षांचा होता. आईने, जाईबाईने, घरातले देव टोपलीत भरून तेरणेत सोडले तेव्हा टोपली त्याच्याच डोक्यावर होती. बापाशेजारी उभं राहून त्याने धम्माच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. यापुढे कुठल्या देवापुढे वाकणार नाही, हा शब्द त्याने अठराव्या वर्षी दिला आणि बेचाळीसाव्यापर्यंत पाळला. जत्रेत देवाच्या घोड्यापुढे ओरडत पळायचं काम रखमाजीकडे होतं, ते त्याने त्या साली सोडलं, तर वर्षभर गावाने वस्तीतल्या कुणाला कामाला बोलावलं नाही. घरात दोन दोन दिवस चूल पेटली नाही, पण बाप मोडला नाही. त्या उपाशी दिवसांतून कोंडिबा मोठा झाला होता.

तर कोंडिबा मनाशी म्हणाला, आपण कोण हे गावाला माहीत आहे. माहीत असून बोलावतात, म्हणजे विभूतीचा विचार त्यांनी केलाच असणार. एवढं मोठं मन करून बोलावलेल्यांना आपण खुसपट काढून कशाला विचारावं? आणि तिकडे शिवलिंगप्पा मनाशी म्हणाले, ज्या पायरीला याच्या बापाची सावली चालत नव्हती, त्या पायरीवर आपण याच्या पोरीला बोलावतोय. यापरता मान कोणता? पण आधीच बोलून दाखवलं तर जुनी जखम उकरल्यासारखं होईल. दोघांनीही एकमेकांचं मन राखलं आणि तिथेच घात झाला.

हलगी वाजू लागली. फेटा एकदाचा बसला. विशाखा जोंधळीवर चढली आणि बोळातून मैदानाकडे निघाली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायकांची गर्दी होती. वस्तीतली माणसंही आली होती. चोवीस वर्षांत जत्रेकडे न फिरकलेले लोक, नवे कपडे घालून, चिंचेखाली वेगळा घोळका करून उभे होते. कारखान्याचे चेअरमन जीप घेऊन आले होते. त्यांच्या हातून झेंडी पडायची होती, आणि पाच वाजता त्यांना धाराशिवला मीटिंग होती.

चार घोडी पायरीपाशी येऊन गेली. चार कपाळं पांढरी झाली. पाचवी जोंधळी.

"ये पोरी," स्वामी तबक पुढे करून म्हणाले. "उतर. भिऊ नगंस. तुझ्यासाठनं म्या सकाळपासनं वाट बघूलालाव."

आवाजात माया होती. ती नसती तर बरं झालं असतं. विशाखाने बापाकडे बघितलं. कोंडिबाने लगाम घट्ट धरला.

"स्वामी, ते... ते तेवढं ऱ्हाऊ द्या."

"काय ऱ्हाऊ द्या?"

"इभूती. आमी लावत न्हाव."

स्वामींना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तबक धरलेला त्यांचा हात हळूहळू खाली आला. शिवलिंगप्पा गर्दीतून पुढे आले. "कोंडिबा, येड्यावानी काय करूलालास? पायरीवर बोलावलंय तुझ्या पोरीला. पायरीवर!"

"व्हय आप्पा. तुमी लई केलं, मला ठावं हाय. पण म्या शब्द दिलाय. चोवीस वर्सं झाली."

"कुणाला दिलास? बघतंय कोण?"

कोंडिबाने चिंचेकडे बघितलं. तिथं वस्तीचा घोळका होता. कुणी हो म्हणत नव्हतं, कुणी नाही म्हणत नव्हतं, नुसते बघत होते. आणि ते नसते तरी काय, बघायला मरून गेलेला रखमाजी होताच की.

"बोटभर राख हाय रे," शिवलिंगप्पा जवळ येऊन अगदी हळू म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "लावू दे. मागनं पूस. न्हायतर ही घोडी मला ठेवता यायची न्हाय, तुला सांगून ठेवतो."

बोटभर राख. कोंडिबाला वाटलं, म्हणावं हो. पोरगी आठ वर्षं या एका दिवसासाठी जगली. घोडी टांग्याला जाईल, चाबूक खाईल, सोलापूरच्या दगडी रस्त्यावर खूर फुटून मरेल. एक हो म्हणायचा अवकाश. पण हो निघेना. आणि नाही म्हणायला गेला तर तेही तोंडातून येईना. आयुष्यभर मुक्या जनावरांची दुखणी ओळखणारा हा माणूस त्या घडीला स्वतःच मुका होऊन उभा राहिला.

स्वामींनाच दया आली. "बरं, असं करू. पोरीला नगं, घोडीच्या कपाळाला लावतो. घोडीनं काय शब्द दिलाय?"

लोक हसले. कोंडिबाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात रेघेवरून ईरण्णा ओरडला. मागच्या साली कडं जिंकलेला घोडेस्वार तो. "स्वामी, मग आमी काय म्हणून वाकलाव? आमच्या बापजाद्यानं उगंच कपाळ पांढरं केलं व्हय? बाई बसंना, आमचं काय बी म्हणणं न्हाय. पण रीत ती रीत."

ईरण्णा वाईट माणूस नव्हता. त्याच्या बैलाला कोंडिबानेच जगवलं होतं. पण त्याचं बोलणं चार जणांना पटलं, दुसऱ्या चौघांना पटलं नाही, आणि बघता बघता पायरीपुढे दोन तट पडले. कुणी स्वामींना बोलू लागलं, कुणी शिवलिंगप्पांना. कुणी म्हणालं यांना जवळ घेतलं हीच चूक. त्यावर चिंचेखालून आवाज चढला. कोंडिबा सगळ्यांकडे बघून हात जोडत होता, आणि कुणाला आणि कशासाठी जोडतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

या सगळ्या गलक्याच्या वर, फेटा बांधलेली विशाखा घोडीवर बसून होती. हलगीच्या तालावर जोंधळीच्या अंगातून थरथर जात होती, पुढचा खूर ती मातीत मारत होती. विशाखा तिच्या मानेवर हात फिरवत होती. वर मान करून तिच्याकडे कुणीही बघितलं नाही.

चेअरमननी घड्याळ बघितलं. जत्रेच्या कारभाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. कारभाऱ्याने दोनदा पायरीकडे बघितलं, हात हलवले, पण भांडणातून कुणाचं लक्ष जाईल तर ना. झेंडी पडली.

चार घोडी सुटली. एकच आरोळी उठली आणि सगळा तंटा टाकून लोक मैदानाकडे धावले. ज्यांनी रीत धरली होती ते धावले आणि ज्यांनी सोडली होती तेही धावले. जोंधळीने मागच्या पायांवर उभं राहून एक झेप घेतली. विशाखाने लगाम खेचला, दात ओठांत रुतवून खेचला, आणि तिला जागेवर आणलं. धुरळ्यात काही दिसत नव्हतं. पायरीवर स्वामी तबक घेऊन उभे होते. ते इतके थकलेले दिसत होते की कोंडिबाला त्यांचीच कीव आली.

"पुढच्या साली बघू," शिवलिंगप्पा म्हणाले. पण पुढच्या साली घोडी नसणार हे बोलतानाच त्यांना आठवलं असावं. धोतराच्या सोग्याने तोंड पुसत ते गर्दीच्या उलट्या बाजूला चालू लागले. "घरला आणून बांधा तिला," एवढं मागे न बघता म्हणाले.

ईरण्णाने कडं जिंकलं. चेअरमन जीपमध्ये बसून गेले. वस्तीची माणसं परतली. एक-दोघांनी जाताना कोंडिबाच्या पाठीवर थाप मारली, "बरं केलंस, कोंडिबा," आणि त्या थापेने त्याला आणखीनच वाईट वाटलं. त्याने बरंवाईट काहीच केलं नव्हतं. तो नुसता उभा राहिला होता.

ऊन कलल्यावर मैदान रिकामं झालं. गावात जायला मैदानातूनच वाट होती. विशाखा अजून घोडीवरच होती, कोंडिबा बाजूने चालत होता.

"पोरी," शेवटी तो म्हणाला, "माझ्यामुळं तुझं..."

"आबा," विशाखा म्हणाली. आवाज शांत होता. "समदे बोलले. स्वामी बोलले, आप्पा बोलले, ईरण्णा बोलला. तुमी बी बोललाव. मला कुणी इचारलं का?"

कोंडिबा चालता चालता थांबला. तीन वर्षं गाव जे तिला विचारत नव्हतं, ते गावाने विचारावं म्हणून तो झटला होता. आणि त्याने स्वतः? कपाळ तिचं होतं आणि शब्द देताना ती जन्मलीसुद्धा नव्हती.

"इचारलं असतं तर काय म्हणली असतीस?" त्याने भीत भीत विचारलं.

"न्हायच म्हणले असते. राख लावून मला पळायचंच नव्हतं. आज्याची गोष्ट जाईआजीनं मला बी सांगितलीय." ती थोडी थांबली. "पण ते म्या म्हणले असते, आबा. माझ्या तोंडानं. घोडीवर बसून, समद्याम्होरं."

कोंडिबाला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही. समोर शर्यतीची लांबलचक वाट मोकळी पडली होती, खुरांनी उकरलेली. ती बघून जोंधळीने कान टवकारले, मान ताणली, लगाम हिसडू लागली. दिवसभर थोपवलेली धाव तिच्या अंगात तशीच होती.

"सोड तिला," असं म्हणायला कोंडिबाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने मान वर करून पोरीकडे बघितलं.

"पळवायची का गं?" त्याने विचारलं.

विशाखाने त्या वाटेकडे शेवटपर्यंत बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली आणि लगाम आणखी आखडून घेतला.

घोडी तोंडाला फेस आणत पळायला बघत होती, विशाखा तिला पावलापावलाने चालवत होती, आणि मैदान संपेपर्यंत कोंडिबा त्यांच्या बाजूने चालत राहिला.